गेलेली मुदतवाढ आणि विसरलेली पावणेचार वर्षं

वाचकांचं पत्र (थोडं आटोपशीर करून):

ताई, नमस्कार. मी मूळची साताऱ्याची, पुण्यातून एम.एस्सी. स्टॅटिस्टिक्स केलं. गेली बारा वर्षं न्यू जर्सीत आहे. नवरा एच-१बी ह्या नोकरीच्या व्हिसावर, मी एच-४ ह्या जोडीदाराच्या व्हिसावर. मधली दोन वर्षं, २०१६ ते २०१८, मीही एच-१बी वर होते. धाकट्याच्या वेळी ती नोकरी सोडली आणि परत एच-४ वर आले. नंतर ईएडी, म्हणजे कामाच्या परवान्याचं कार्ड, काढून एका हॉस्पिटलमध्ये डेटा अ‍ॅनालिस्ट म्हणून लागले.

गेल्या ऑक्टोबरमध्ये आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'सुप्रीम कोर्टाने एच-४ ला मान्यता दिली' असा मेसेज आला. पेढ्यांचे इमोजी पडले. मी निर्धास्त झाले. ह्यांची मुदतवाढ मंजूर झाल्यावर डिसेंबरमध्ये माझ्या एच-४ चा आणि ईएडीचा अर्ज एकत्र पाठवला. जुनं ईएडी आणि आय-९४ (इथे राहण्याच्या मुदतीची नोंद) दोन्ही १८ एप्रिलला संपतात. आता एचआर म्हणतं, 'ऑटोमॅटिक मुदतवाढ ३० ऑक्टोबरपासून बंद झाली आहे, नवं कार्ड आलं नाही तर १९ तारखेपासून कामावर येता येणार नाही.' नवरा रोज ऐकवतो, 'ऑक्टोबरमध्येच पाठवायला हवा होतास.' जाऊबाई म्हणतात, दोन महिने घरून कर, पगार भारतातल्या खात्यात घे, कोणाला कळतंय! एक मैत्रीण एल-२ वर आहे (नवरा कंपनीतून बदली होऊन एल-१ वर आलेला), तिला कार्डच लागत नाही. माझ्याच वाट्याला हे का? शिवाय माझ्या पगारातून मी आईला दर महिन्याला औषधपाण्याचे पैसे पाठवते. ते नवऱ्याकडून मागायचे ह्या विचारानेच झोप उडाली आहे. थोरली सोळा वर्षांची आहे, तिचं पुढे काय, ही काळजी वेगळीच. काय करू?
– एक सातारकर

सातारकर ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुमच्या काळजीसाठी, दुसऱ्यांदा तारखांसाठी. दुसऱ्या वाचनात दोन गोष्टी सापडल्या आणि त्या तुम्हाला आधी सांगाव्यात असं वाटलं. एक, ज्या चुकीबद्दल तुम्ही रोज बोलणी ऐकताय ती चूक तुम्ही केलेलीच नाही. आणि दुसरी, एक वस्तू तुमच्याजवळ आहे आणि तुम्ही ती पत्रात एका वाक्यात उरकून टाकली आहे.

आधी चुकीबद्दल. ईएडी संपायच्या आधी नूतनीकरणाचा अर्ज केला की जुनं कार्ड आपोआप पुढे चालायचं, ही सोय खरीच होती. २०१७ पासून ती १८० दिवसांची होती, पण एच-४ वाल्यांना त्यात धरत नसत. नोव्हेंबर २०२१ मध्ये जोडीदारांनी खात्यावर लावलेल्या शेरगिल खटल्यात तडजोड झाली तेव्हा एच-४ वाल्या बायका त्यात आल्या. २०२२ मध्ये मुदत तात्पुरती ५४० दिवसांची झाली आणि जानेवारी २०२५ पासून ते ५४० दिवस कायमचे झाले. 'कायमचे' हा शब्द नऊ-साडेनऊ महिने टिकला. ३० ऑक्टोबर २०२५ ला गृहसुरक्षा खात्याने नवा नियम काढला, आणि त्या दिवशी किंवा त्यानंतर आलेल्या नूतनीकरणाच्या अर्जांना, थोडे अपवाद सोडून, ही आपोआप वाढ मिळणं बंद झालं. तुमचा अर्ज डिसेंबरचा. एचआर सांगतंय ते खरं आहे.

पण एच-४ वाल्यांच्या त्या मुदतवाढीला पहिल्यापासून एक अट होती, आणि ग्रुपवर ती कधी कोणी लिहीत नाही. कार्ड पुढे चालायचं ते फार तर तुमच्या आय-९४ वरच्या तारखेपर्यंत. आय-९४ संपलं की ५४० दिवसांतले कितीही शिल्लक असोत, काम बंद. तुमचं आय-९४ आणि तुमचं कार्ड एकाच दिवशी, १८ एप्रिलला संपतंय. म्हणजे तुम्ही अर्ज ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पाठवला असता, तरी एच-४ ची मुदतवाढ मंजूर होईपर्यंत त्या सवलतीचा तुम्हाला एका दिवसाचाही उपयोग झाला नसता. शिवाय नूतनीकरणाचा अर्ज कार्ड संपण्याच्या १८० दिवसांहून आधी करता येत नाही. १८ एप्रिलपासून मागे मोजलंत तर २० ऑक्टोबर येतो. तुमच्या हातात जेमतेम दहा दिवस होते, आणि ते वापरूनही १९ एप्रिलचा प्रश्न जसाच्या तसा राहिला असता. हा परिच्छेद तुमच्या यजमानांना वाचायला द्या. त्यांच्यावर रागवायला नको, तेही घाबरलेले असणार. पण घरातलं हे रोजचं बोलणं आजपासून थांबायला हवं, कारण त्याला आधारच नाही.

आता त्या पेढ्यांबद्दल. १४ ऑक्टोबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाने एच-४ ला 'मान्यता' दिली नाही. एका संघटनेने मागितलेली सुनावणी नाकारली. ह्या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो कळला की तुमच्या एल-२ वाल्या मैत्रिणीचं कोडंही सुटतं. म्हणून थोडं मागे जाते.

मी ह्या देशात एच-४ वरच आले, २००४ मध्ये. तेव्हा ईएडी नावाचा प्रकार आमच्यासाठी नव्हताच. डॉक्टर, वकील, शिक्षिका, सगळ्या जणी घरी. आमच्या भिशीत बारा बायका आणि त्यांच्या पदव्या मोजल्या तर वीस भरायच्या. २६ मे २०१५ ला नियम लागू झाला. ज्यांच्या नवऱ्याचं किंवा बायकोचं आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डासाठी मालकाने केलेला अर्ज, मंजूर आहे, किंवा ग्रीन कार्डाची प्रक्रिया रेंगाळल्यामुळे ज्यांना सहा वर्षांपलीकडे एच-१बी वाढवून मिळालं आहे, त्यांच्या जोडीदाराला काम करण्याचा परवाना. त्या आठवड्यात आम्ही एका टेबलाभोवती बसून फॉर्म भरले. त्या दुपारी कोणी फारसं बोलत नव्हतं, हे मला अजून आठवतं.

नियम लागू होण्याच्या आधीच, एप्रिल २०१५ मध्ये, त्याच्यावर खटला पडला होता. 'सेव्ह जॉब्ज यूएसए' ही संघटना एका वीज कंपनीत आयटीत काम केलेल्या अमेरिकन कर्मचाऱ्यांची. आपल्या नोकऱ्या एच-१बी वाल्यांना दिल्या गेल्या, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा मुद्दा असा, की संसदेने, म्हणजे इथल्या काँग्रेसने, एच-४ वाल्यांना काम करण्याचा हक्क कुठल्याही कायद्यात दिलेला नाही, मग खात्याने तो स्वतःच्या अखत्यारीत कसा दिला? मुद्दा पोकळ नव्हता. मार्च २०२३ मध्ये वॉशिंग्टनच्या जिल्हा न्यायालयाने खात्याच्या बाजूने निकाल दिला. मग जून २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने दुसऱ्याच एका प्रकरणात, मासेमारी बोटींच्या, १९८४ पासून चालत आलेलं एक तत्त्व मोडीत काढलं. कायदा संदिग्ध असेल तर खात्याने लावलेला वाजवी अर्थ न्यायालयांनी मानायचा, असं ते तत्त्व. त्या दिवशी आमच्या पिढीच्या पोटात गोळा आला होता, कारण एच-४ चा नियम आता ढासळतो असं सगळ्यांनाच वाटलं. तसं झालं नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने सांगितलं, की अशाच एका प्रकरणात आम्ही २०२२ मध्ये निकाल दिलेला आहे, तो आमच्यावर बंधनकारक आहे, नियम टिकतो. त्याविरुद्ध संघटना सुप्रीम कोर्टात गेली आणि १४ ऑक्टोबरला दार उघडलं नाही.

दार न उघडणं म्हणजे आतल्याने तुमची बाजू घेतली असं नव्हे. कोर्टाने एच-४ बद्दल चांगलं-वाईट काहीही म्हटलेलं नाही. खालचा निकाल कायम राहिला, इतकंच. आणि खालचा निकालही 'खात्याला असा नियम करता येतो' एवढाच आहे. 'खात्याने तो ठेवलाच पाहिजे' असं कुठल्याही न्यायाधीशाने म्हटलेलं नाही. ज्याने नियम केला तो तो काढूही शकतो, त्यासाठी ठरलेली पद्धत पाळावी लागते एवढंच. राष्ट्राध्यक्ष ट्रम्प ह्यांच्या पहिल्या कारकिर्दीत हा नियम रद्द करण्याचा प्रस्ताव वर्षानुवर्षं यादीत होता. जानेवारी २०२१ मध्ये सरकार बदललं तेव्हा तो मागे घेतला गेला.

तुमच्या मैत्रिणीचं वेगळं आहे. एल-१ वाल्यांच्या जोडीदारांना काम करू द्यायचं, हे जानेवारी २००२ मध्ये संसदेनेच कायदा करून ठरवलं. तरी वीसेक वर्षं खातं त्यांच्याकडूनही कार्ड मागत राहिलं. मघाशी सांगितली त्याच शेरगिल तडजोडीत खात्याने मान्य केलं, की ह्यांना कामाचा हक्क व्हिसाच्या दर्जाबरोबरच मिळतो. म्हणून तिच्या आय-९४ वर तशी नोंद असते आणि कार्ड लागत नाही. तिच्या पायाखाली कायदा आहे, तुमच्या पायाखाली नियम. तुम्ही विचारलंत, माझ्याच वाट्याला का? तुमच्यात काही कमी आहे म्हणून नव्हे. काँग्रेसने तिच्याबद्दल एक वाक्य लिहिलं आणि तुमच्याबद्दल लिहिलं नाही, म्हणून. मला हा अन्याय वाटतो आणि मी तो दोन दशकं बघते आहे. पण ह्या एप्रिलमध्ये तो दूर होणार नाही, तेव्हा आता कामाचं बोलू.

जाऊबाईंचा सल्ला सरळ नाकारा. त्या तुमच्या प्रेमापोटी म्हणत असतील, पण पगार कुठल्या खात्यात जातो ह्याला इथे किंमत नाही. तुम्ही कुठे बसून काम करता, हे बघितलं जातं. न्यू जर्सीतल्या स्वयंपाकघरात लॅपटॉप उघडून केलेलं काम हे अमेरिकेतलंच काम, मग रुपये साताऱ्याच्या बँकेत पडोत की डॉलर इथे. १९ एप्रिलपासून कार्डाशिवाय एक दिवसही नाही, एक ईमेलही नाही. 'सहकाऱ्याला जरा मदत करते' म्हणून बिनपगारी काम करणंही नको, कारण ज्या कामाचे एरवी पैसे मिळतात ते फुकट केलं म्हणून ते सेवाकार्य होत नाही. आणि एक गोष्ट, जी आपल्या बायकांच्या लक्षात येत नाही: चकल्या-शंकरपाळ्यांच्या ऑर्डरी, डबे, घरच्या घरी घेतलेल्या शिकवण्या, हेही सगळं कामच. तुमच्या घरात ग्रीन कार्डाची रांग लावून कित्येक वर्षं झाली आहेत. पुढे त्या अर्जात विचारतात, की तुम्ही कधी परवानगीशिवाय काम केलंय का. तिथे खोटं लिहिणं हा मूळ चुकीहून मोठा गुन्हा होऊन बसतो. दोन महिन्यांच्या पगारासाठी हे अजिबात नको.

आता ती विसरलेली वस्तू. तुम्ही २०१६ ते २०१८ एच-१बी वर होता. म्हणजे २०१६ च्या एप्रिलमध्ये एच-१बी च्या मर्यादित जागांसाठी, म्हणजे कोट्यासाठी, निघणाऱ्या लॉटरीत तुमचा नंबर लागला होता. एच-१बी ची एकूण सहा वर्षं असतात आणि कोट्यात एकदा मोजली गेलेली व्यक्ती ती वर्षं पूर्ण होईपर्यंत मोजलेलीच राहते. एच-४ वर काढलेली वर्षं त्या सहांतून वजा होत नाहीत. ऑक्टोबर २०१६ ते डिसेंबर २०१८ धरले तर तुमची सव्वादोन वर्षं वापरून झाली, पावणेचार शिल्लक आहेत. त्या सव्वादोन वर्षांत तुम्ही भारतात गेला असाल तर ते दिवसही परत मागता येतात, पासपोर्टवरचे शिक्के काढून ठेवा. हॉस्पिटलने तुमच्यासाठी एच-१बी चा अर्ज केला तर तुम्हाला लॉटरीत उतरावं लागत नाही, मार्चची वाट बघावी लागत नाही, ऑक्टोबरची तर नाहीच. स्टॅटिस्टिक्सची पदव्युत्तर पदवी आणि डेटा अ‍ॅनालिस्टचं काम, जुळणीही चांगली आहे. बारा बायकांतल्या एखादीकडेच हा हुकमाचा पत्ता असतो, आणि तो तुमच्याकडे आहे. (ज्यांच्याकडे तो नाही अशा वाचक भगिनींनी आपली संस्था विद्यापीठ किंवा विद्यापीठाशी संलग्न ना-नफा संस्था आहे का, हे बघावं. तिथेही लॉटरी लागत नाही.)

तुम्ही लगेच म्हणाल, एक लाख डॉलरचं काय? १९ सप्टेंबर २०२५ चं ते घोषणापत्र मला माहीत आहे. २१ सप्टेंबरपासून नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलर. डिसेंबरमध्ये वॉशिंग्टनच्या फेडरल न्यायाधीशांनी ते कायमही ठेवलं. पण २० ऑक्टोबरला इमिग्रेशन खात्याने स्पष्टीकरण दिलं, की जी व्यक्ती देशातच आहे आणि इथूनच आपला दर्जा बदलून मागते, तिच्या अर्जाला ही रक्कम लागू नाही, तो दर्जाबदल मंजूर झाला तर. ह्या 'तर'वर तुमचं सगळं अवलंबून आहे. दर्जाबदल नाकारला आणि वकिलातीतून व्हिसा आणा असं सांगितलं, तर ते एक लाख समोर येतात. म्हणून दोन पथ्यं. पहिलं, हा अर्ज १८ एप्रिलच्या आत, आय-९४ जिवंत असताना दाखल झाला पाहिजे. दुसरं, तो प्रलंबित असताना देश सोडायचा नाही. भाच्याचं लग्न असो की आईंचं ऑपरेशन, तिकीट काढण्यापूर्वी वकिलाला फोन. भारतात गेल्यावर अडकण्याची भीतीही खरी आहे. १५ डिसेंबरपासून एच-१बी आणि एच-४ वाल्यांचीही सोशल मीडियाची खाती तपासायला सुरुवात झाली, आणि आपल्याकडच्या कितीतरी लोकांच्या मुलाखतीच्या तारखा काही महिने पुढे ढकलल्या गेल्या.

वेळ पुरेल का? हे लिहिताना फेब्रुवारी २०२६ चा मध्य आहे, दोन महिने हातात आहेत. श्रम खात्याकडून वेतनाबाबतचं प्रमाणपत्र यायला सात कामाचे दिवस लागतात. अर्जाची जुळवाजुळव दोन-तीन आठवडे. प्रीमियम, म्हणजे जलद निकालाचं, शुल्क भरलं की पंधरा कामाच्या दिवसांत खात्याकडून काही ना काही उत्तर येतं, मंजुरी किंवा आणखी कागदांची मागणी. एच-४ च्या ईएडीला ही प्रीमियमची सोयच नाही, म्हणून तर हा रस्ता मोलाचा. पण हॉस्पिटलने मार्च उजाडेपर्यंत विचार करत बसून चालणार नाही. तेव्हा ह्याच आठवड्यात एचआरकडे जा. 'माझं काय होणार' असं विचारायला नको. 'मी पूर्वी कोट्यात मोजली गेले आहे, लॉटरी लागत नाही, दर्जाबदल इथूनच मंजूर झाला तर एक लाखाचं शुल्क लागू नाही, आणि अर्ज १८ एप्रिलच्या आत जायला हवा,' ही चार वाक्यं घेऊन जा. एचआरमधल्या माणसाला ह्यातलं काहीही माहीत नसण्याची शक्यता मोठी आहे. 'एच-१बी' ऐकलं की त्यांना ते एक लाखच आठवणार. सोबत २०१६ चं मंजुरीपत्र, आय-७९७, आणि त्या वर्षांच्या पगाराच्या पावत्या न्या. आणि भिडेपोटी 'खर्च मी करते' असं म्हणून बसू नका. एच-१बी ची सरकारी फी आणि वकिलाचा खर्च मालकानेच करायचा असतो, तसा नियम आहे.

हॉस्पिटलचा वकील हॉस्पिटलचा असतो, हेही ध्यानात ठेवा. तुमच्या स्वतःच्या इमिग्रेशन वकिलाकडे एक तास घालवा, पैसे देऊन. तुमचा डिसेंबरचा एच-४ चा अर्ज प्रलंबित आहे. त्यावर एच-१बी चा दर्जाबदल कोणत्या क्रमाने बसवायचा, मधेच एच-४ मंजूर होऊन आला तर काय, हे सगळे कागद समोर ठेवूनच ठरवायला हवं. पत्रावरून ते मी ठरवणं बरं नाही. एच-१बी झाल्यावर ती नोकरी गेली तर साठ दिवसांपर्यंतची सवड असते आणि तेवढ्यात परत एच-४ साठी अर्ज करता येतो. त्यामुळे ह्यात जुनं दार बंद होत नाही.

हॉस्पिटलने नाही म्हटलं तर? मग कार्ड येईपर्यंत बिनपगारी रजा मागा, राजीनामा देऊ नका. रजेवर नोकरी तुमची राहते, काम मात्र होत नाही, आणि हे लेखी घ्या. ईएडीचा अर्ज तातडीने निकालात काढा अशी विनंती इमिग्रेशन खात्याकडे करता येते. नुसतं 'मला काम करायचंय' एवढ्यावर ती मान्य होत नाही. नोकरी जाणार असल्याचं हॉस्पिटलचं पत्र, घराच्या हप्त्यांची, खर्चाची कागदपत्रं, म्हणजे मोठं आर्थिक नुकसान दिसेल असं काहीतरी जोडावं लागतं. अर्ज महिनोन्महिने विनाकारण पडून राहिला तर फेडरल जिल्हा न्यायालयात खात्याला 'निर्णय द्या' असा आदेश मागणारा दावा लावता येतो. त्यातून मंजुरी मिळत नाही, निर्णय मिळतो, आणि वकिलाचे पैसे जातात. ते शेवटी. पूर्वी नवऱ्याच्या आणि बायकोच्या एकत्र पाठवलेल्या अर्जांवर एकत्र निर्णय होत असे, तसं तुमच्या बाबतीत का झालं नाही असं कोणी विचारलं, तर उत्तर सोपं आहे. तीही एका खटल्यातली तडजोड होती, जानेवारी २०२३ मधली, दोन वर्षांसाठी. ती मुदत संपली, आणि तुमचा अर्ज तर त्यांची मुदतवाढ मंजूर झाल्यावरच गेला.

थोरलीबद्दल थोडक्यात सांगते, कारण तिच्याकडे अजून वेळ आहे. एकवीस वर्षं पूर्ण होईपर्यंत ती एच-४ वर राहू शकते. नोकरीच्या मार्गाने वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीन कार्डं निघतात आणि एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा आहे. त्यामुळे ईबी-२ ह्या उच्चशिक्षितांच्या गटात भारताची रांग जानेवारी २०२६ च्या व्हिसा बुलेटिनमध्ये, म्हणजे रांगेच्या तारखांच्या मासिक तक्त्यात, २०१३ च्या जुलैवर उभी होती. तुमच्या यजमानांची रांगेतली तारीख ह्याच्या किती पुढे आहे ते बघा. वय मोजताना आय-१४० जितके दिवस प्रलंबित होता तेवढे वजा होतात, पण १५ ऑगस्ट २०२५ पासून ही मोजणी बुलेटिनमधल्या अंतिम निर्णयाच्या तक्त्यावरून होते आणि ती मुलांना जास्त जाचक आहे. कॉलेजच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात तिला एफ-१ ह्या विद्यार्थी व्हिसावर जावं लागेल असं धरूनच चाला आणि तिला ते आत्ताच सांगा. सोळा वर्षांच्या मुलीला घरातली कुजबुज ऐकू येतेच. तिला खरं माहीत असलेलं बरं.

आणि आता आईंचे पैसे. पत्रात तुम्ही ते मधेच एका ओळीत लिहिलंत, पण झोप त्यानेच उडाली आहे, हे मला कळतं. मी अकरा वर्षं नवऱ्याच्या पगारातून माझ्या वडिलांना पैसे पाठवले. माझे यजमान कधी एका शब्दाने बोलले नाहीत, तरी दर महिन्याला मी रक्कम सांगताना नजर दुसरीकडे वळवत असे. ती नजर वळवणं चुकीचं होतं, पण ते कळायला मला फार उशीर लागला. तुम्ही बारा वर्षं त्यांच्या व्हिसाच्या मागे घर उभं केलंत, एक चांगली नोकरी धाकट्यासाठी सोडलीत. हे घरातल्या हिशोबात कोणी लिहून ठेवत नाही. आज रात्री मुलं झोपल्यावर दोघं बसा. मागायचं नाही, सांगायचं: 'एप्रिलनंतर माझा पगार कदाचित थांबेल. आईचे पैसे थांबणार नाहीत. ते आपण कसे पाठवायचे ते ठरवू या.' दोन-तीन महिन्यांचे पैसे आत्ताच्या पगारातून वेगळे काढून ठेवता आले तर आणखी बरं, म्हणजे आईंना साताऱ्यात काही जाणवणारही नाही. आणि तुमच्या यजमानांनी सुरुवातीचा तो परिच्छेद वाचलेला असेल, तर हे बोलणं तुम्हाला वाटतंय तितकं अवघड जाणार नाही.

ग्रुप सोडा असं मी म्हणत नाही, अडीअडचणीला तीच माणसं धावून येतात. पण मेसेज आला की तीन गोष्टी विचारत जा. हे कोर्टाने केलं, खात्याने केलं की काँग्रेसने? लागू कुठल्या तारखेपासून? आणि माझ्या आय-९४ वर काय लिहिलंय? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ग्रुपवर कोणाकडेच नसतं.

२०१६ चं ते मंजुरीपत्र जुन्या फाइलमध्ये शोधा. सापडलं नाही तर घाबरू नका, त्या वेळच्या कंपनीकडून किंवा तिच्या वकिलाकडून प्रत मागवता येते, आणि तेही नाही जमलं तर निदान पावती क्रमांक मिळवा. एचआरशी बोलणं झालं की मला लिहा, ते काय म्हणाले ते त्यांच्याच शब्दांत. पुढचं त्यावरून बघू.

तुमची,
ताई